पाठीकडून गेलेली चीर

धातू कापणारी पट्टाकरवत तीन प्रकारे बिघडते, असे मी कार्यशाळेत येणाऱ्या प्रत्येक नव्या माणसाला सांगत असे. तिचे दात जातात, ती वाकडी चालते, किंवा तिचा पट्टा तुटतो. पहिल्या दोन बिघाडांत पाइप वाया जातो. तिसऱ्यात माणूस सापडू शकतो. माझ्या चार वर्षांत पट्टा दोनदा तुटला होता, आणि दोन्ही वेळा तो झाकणाच्या आतच गुंडाळून पडला होता. त्यामुळे शेवटचे वाक्य मी फारसा विचार न करता उच्चारत असे.

ही हकिकत १९७४ सालच्या दसऱ्याची आहे. वाशीम तेव्हा अकोला जिल्ह्यातले तालुक्याचे गाव होते. सत्तर साली पाऊस हुकू लागला तेव्हा खेडोपाडी बोअर पाडून हातपंप बसवण्याचे काम निघाले, आणि त्यासाठी पाइप मापात कापणारी एक लहान सरकारी कार्यशाळा स्टेशनच्या रस्त्यावर एका पत्र्याच्या शेडमध्ये सुरू झाली. मी तिचा प्रमुख होतो. भौतिकशास्त्राची पदवी आणि यंत्रशास्त्राची पदविका घेऊन मी पुण्याहून आलो होतो, आणि दुसऱ्या वर्षापासून दर जूनला बदलीचा अर्ज करत होतो. लग्न केले नव्हते. रविवारी माझे बोलणे खानावळ चालवणाऱ्या मनकर्णाबाईंशी होई, तेही चार वाक्ये. त्यांपैकी दोन वाक्ये दर आठवड्याला तीच असत.

करवतीची रचना साधी होती. दोन चाके, त्यांवर चरख्याच्या माळेसारखा ताणून बसवलेला इंचभर रुंद दातेरी पोलादी पट्टा, आणि चाके फिरवणारी मोटार. पट्ट्याचा हातभर भाग दोन झाकणांच्या मधे उघडा असतो. तोच पाइपावर उतरतो आणि कापतो. पट्ट्याच्या एका कडेला दात, दुसऱ्या कडेला पाठ. चाकाला मागच्या अंगाने एक उंच काठ असतो. पट्ट्याची पाठ त्या काठाच्या अगदी जवळून गेली पाहिजे, पण काठाला घासता कामा नये. दूर राहिली तर पट्टा चाकावरून उतरतो; घासत राहिली तर पाठीला बारीक चिरा पडतात आणि एक दिवस पट्टा तुटतो. हे अंतर चाक किंचित कलते करणाऱ्या एका स्क्रूने साधायचे. सगळी विद्या एवढीच, आणि ती मला पुस्तकातून आली होती.

देवमन इंगोले याला ती हातातून आली होती. तो करवत चालवत असे. वय तेहतीस-चौतीस, शिक्षण सातवीपर्यंत, घर अनसिंगला. तो रोज एस.टी.ने ये-जा करी. रोज सकाळी यंत्र चालू करण्यापूर्वी तो पट्ट्याला अंगठ्याने टिचकी मारून आवाज ऐके. मग फिटर उकंडरावांकडून विडीच्या बंडलाचा कागद मागून घेई आणि पट्ट्याची पाठ व चाकाचा काठ यांच्यामधून तो ओढून पाही. कागद अडला तर चाक जास्त कलले आहे. सैल निघाला तर कमी. काम संपल्यावर तो ताणाचे चाक अडीच फेरे उलटे फिरवून पट्टा सैल करी. "रातभर ताणून ठिवला तं मानूसही तुटते," असे त्याचे त्यावर भाष्य होते.

"उकंडरावभाऊ विड्या सोडतीन, त्या दिवशी आपली कार्यशाळा बंद," असेही तो म्हणे.

"मंग मले सरकारनं विड्यांचा भत्ता द्यावा," उकंडराव म्हणत. त्यांची नोकरी सहा वर्षे उरली होती आणि ते कोणाच्याही बोलण्याने चिडत नसत.

दुपारी चार वाजता चहा येई. त्या अर्ध्या तासात देवमन मला प्रश्न विचारी. माझ्या दिवसातला तेवढाच भाग मी आदल्या दिवशीपासून लक्षात ठेवत असे. एकदा मी त्याला जमिनीवर खडूने आकृती काढून सांगितले की काम करताना पट्टा तापतो, तापल्यावर लांब होतो, म्हणून दुपारी त्याचा ताण कमी होतो.

तो आकृतीकडे बराच वेळ पाहत राहिला. "हे समजलं. पन सायेब, चाकं आन् सांगाडाही लोखंडाचाच हाय ना? थो काहून नाई वाढत?"

"तो जाड आहे. कमी तापतो."

"किती कमी?"

मला ते सांगता आले नाही. मी घरी जाऊन दोन संध्याकाळी गणित केले आणि तिसऱ्या दिवशी त्याला उत्तर दिले. त्याने मान हलवली आणि नवा प्रश्न विचारला. मला वाटते, त्या गावात माझ्या शिक्षणाचा उपयोग एवढाच झाला.

देवमन रोजंदारीवर होता. अकोल्याच्या मुख्य कार्यशाळेत यंत्रचालकाची एक कायम जागा निघाली होती. तिच्यासाठी मी त्याचे नाव पाठवले होते आणि नोव्हेंबरात हुकूम निघणार होता. कायम झाल्यावर त्याला तिथे क्वार्टर मिळणार होते. मुलीला अकोल्याच्या शाळेत घालायचे त्याने ठरवून टाकले होते, आणि त्याची बायको भागिरथा दुसऱ्यांच्या शेतात निंदायला जाते ते बंद करायचेही. माझी शिफारस खरी होती. ती लिहिताना मला आनंद झाला असे मात्र मी म्हणणार नाही.

त्या वर्षी दसरा शुक्रवारी होता. देवमन बुधवार आणि गुरुवार अशी दोन दिवसांची रजा घेऊन घरच्या माणसांसह अकोल्यामार्गे नागपूरला गेला. विजयादशमीच्या दिवशी दीक्षाभूमीवर जाण्याचा त्याच्या घरचा नेम होता. छप्पन्न साली त्याच्या वडिलांनी तिथेच धम्म स्वीकारला होता आणि तेव्हा पंधरा-सोळा वर्षांचा तो त्यांच्या शेजारी उभा होता. इकडे बुधवारी केनवडच्या कामाची निकड आली: चाळीस तुकडे, सोमवारी गाडी येणार. सकाळीच जुन्या पट्ट्याचे दात गेले. नवा पट्टा तयार होता. आमच्याकडे पट्ट्याचा सांधा जोडायची सोय नव्हती, म्हणून सराफ्यातला एक सोनार तो टाकणखार लावून चांदीने झाळून देत असे, आणि त्याने झाळलेला सांधा कधी सुटला नव्हता. तो पट्टा मी स्वतः चढवला.

नवा पट्टा पुढे सरकू लागला. मी चाक कलते केले. तो पुन्हा सरकला. मी आणखी कलते केले. मग तो जागेवर राहिला. काप सरळ येत होता, काटकोन पाहायच्या गुण्याने तपासून पाहिला तर मिलिमीटरचाही फरक नव्हता. मी त्या दिवशी एकतीस तुकडे कापले. एक बारीक किणकिण ऐकू येत होती. ती मी मोटारीची समजलो. संध्याकाळी नोंदवहीत लिहिले: "नवीन पट्टा चढवला. चाल तपासली. ठीक." पट्टा सैल करायचे राहिले.

गुरुवारी खंडेनवमी. त्या दिवशी आमच्याकडे काम होत नसे. हत्यारे आणि यंत्रे पुसून त्यांची पूजा होई. मी पूजेला हजर राहत असे, परंतु देखरेखीसाठी.

"उकंडराव, नारळ बाहेर फोडा. बेअरिंगमध्ये पाणी जाता कामा नये."

"मशीनचा नारळ मशीनले नाई दिसला तं तिले समजन कसं?"

"समजून घ्यायला तिला काही नाही."

"म्हनून तं दाखवा लागते, सायेब."

नारळ बाहेर फुटला, पण कुंकवाच्या बाबतीत मी हरलो. उकंडरावांनी करवत नुकतीच रॉकेलच्या फडक्याने पुसली होती. ताटलीतले कुंकू त्यांनी पाण्याऐवजी त्याच रॉकेलमध्ये कालवले, कारण पाण्याला मी मनाई केली होती, आणि पट्ट्याच्या उघड्या भागावर दोन्ही अंगांनी पाच बोटे ओढली. रंग पाठीवरून खाली ओघळला. मला ती गोष्ट अस्वच्छ वाटली.

"ज्याची मशीन, थोच नाई पूजेले," पाइप सरकवून देणारा रामधन म्हणाला.

"थो गेला नागपूरले, त्याच्या देवाले," कोणीतरी म्हणाले.

"देव नाई म्हनते ना थे लोक?"

"मंग येवढ्या गर्दीत कायले जाते?"

"तू जत्रेत कायले जातं? रेवड्या खाले," उकंडराव म्हणाले, आणि सगळे हसले. विषय तिथे संपला. निदान तेव्हा मला तसे वाटले.

शनिवारी साडेदहाला देवमन घरच्यांना अनसिंगच्या गाडीत बसवून थेट कार्यशाळेत आला. अकोल्याहून येणारी गाडी वाटेत बंद पडली होती. त्याच्या खांद्याला पिशवी होती, तिच्यात मुलीसाठी घेतलेले पुस्तक. नऊ तुकडे राहिले होते. त्याने पिशवी खुंटीला अडकवली, उकंडरावांकडून विडीच्या बंडलाचा कागद घेतला आणि झाकणाला हात घातला.

"ते राहू दे," मी म्हणालो. "मी स्वतः लावलंय. बुधवारी एकतीस तुकडे काढलेत."

"येक डाव पाहून घेतो, सायेब."

"पाहायचं काही नाही. चालू कर."

त्याने माझ्याकडे एकदा पाहिले. मग कागदाची घडी करून खिशात ठेवली आणि बटण दाबले.

कापताना पट्टा थंड ठेवणाऱ्या पाण्याचा नळ उघडायच्या आतच पट्टा तुटला. पहिला पाइप जेमतेम दोन सूत, म्हणजे पाव इंच, कापला गेला होता. या वेळी पट्टा झाकणात राहिला नाही. त्याचे एक टोक बाहेर आले आणि रामधनचा डावा हात कोपरापासून मनगटापर्यंत फाडून गेले. देवमनने एका हाताने मोटार बंद केली आणि दुसऱ्या हाताने त्याचा दंड आवळून धरला. दवाखान्यात अकरा टाके पडले. बोटे हलत होती. डॉक्टर म्हणाले, हात वाचला.

दुपारपर्यंत कार्यशाळेत कारण ठरले होते. पूजेला नसलेल्या माणसाने पूजलेल्या यंत्राला हात लावला होता. कोणी ते द्वेषाने बोलत नव्हते. उकंडरावांनी मला समजावले, "मशीन काम देते तशी मानही मांगते, सायेब. मानूस चांगला हाय, पन मान द्याले हजर नोता."

अकोल्याला फोन लावला. तिकडून विचारलेला पहिला प्रश्न होता, यंत्रावर कोण होते? मी नाव सांगितले. चौकशी होईपर्यंत त्याला घरी बसवा, बुधवारपर्यंत कारणाचा लेखी अहवाल पाठवा, असा हुकूम झाला. देवमन खुंटीवरची पिशवी घेऊन स्टँडकडे गेला.

रविवारी सकाळी मी एकटा शेडमध्ये आलो. पट्ट्याचे तुकडे, कॉलेजपासून जवळ असलेले भिंग, रॉकेल आणि खडू एवढे साहित्य होते. आधी सांधा पाहिला. सोनाराचे काम शाबूत होते. पट्टा सांध्यापासून दोन हात दूर तुटला होता. मग तुटलेली कड भिंगाखाली धरली.

पोलाद एका दणक्यात तुटते तेव्हा तुटलेला पृष्ठभाग सगळीकडे सारखा चमकतो. चीर आधीपासून असेल तर तिचा जुना भाग मळका दिसतो आणि नव्याने तुटलेला भाग स्वच्छ. इथे दातांच्या बाजूचा पाऊण भाग चकचकीत होता. पाठीकडचा पाव भाग काळसर होता, आणि त्या काळसर भागावर लालसर छटा होती.

गुरुवारी उघड्या राहिलेल्या हातभर भागाच्या पाठीवरचे कुंकू मी कोरड्या फडक्याने पुसून टाकले, तिच्यावर रॉकेलचा हात फिरवला, खडूची पूड पसरली आणि थांबलो. दहा मिनिटांत पांढऱ्या पुडीत एक लाल रेघ उमटली. मग दुसरी. अर्ध्या तासात सात झाल्या, सगळ्या पाठीकडून आत गेलेल्या, केसाएवढ्या. विमानाच्या भागांतल्या न दिसणाऱ्या चिरा रंगीत तेलाने अशाच शोधतात, हे मी वाचले होते. उकंडरावांनी रॉकेलमध्ये कालवलेल्या कुंकवाने ते काम गुरुवारी करून ठेवले होते.

उरलेल्या पट्ट्यावर, जिथे कुंकू पोचले नव्हते, तिथेही भिंगातून चिरा दिसत होत्या, पण त्यांत रंग नव्हता. कुंकू शनिवारी, तुटताना आत गेले असेल का? जुन्या पट्ट्याच्या एका तुकड्यावर मी गुरुवारचे ताटलीतले वाळलेले कुंकू चोळले, तुकडा वाकवून चीर पाडली आणि भिंगाखाली धरला. चीर कोरी होती. वाळलेले कुंकू आत जात नाही, आणि शनिवारी पाणी सुरूच झाले नव्हते. म्हणजे रंग ओला असताना, गुरुवारी, चिरा पट्ट्यात होत्या.

पट्टा बुधवारी सकाळी कोरा होता. बुधवारी यंत्र एकाच माणसाने चालवले होते.

मी चाकाचे झाकण उघडून काठ आणि पट्ट्याची जागा यांत कागद घालायचा विचार केला, आणि सोडून दिला. काठावर घासल्याची चकाकी नुसत्या डोळ्यांनी दिसत होती.

दुपारच्या गाडीने मी अनसिंगला गेलो. चार वर्षांत देवमनच्या घरी मी प्रथमच जात होतो. पत्ता विचारावा लागला. घर दोन खोल्यांचे, पुढे शेणाने सारवलेले अंगण. मुलगी नवे पुस्तक उघडून ओट्यावर बसली होती. भागिरथाने खाट टाकली आणि पाण्याचा तांब्या आणून ठेवला.

"रामधनचा हात कसा हाय?" देवमनने आधी तेच विचारले.

"बरा आहे. बोटं हलतात." मी कागदात गुंडाळलेला तुकडा त्याच्या हातात दिला. त्याने तो उन्हात धरला, नखाने पाठ चाचपली आणि लाल रेघांवर थांबला.

"कुकू?"

"हो. चीर गुरुवारच्या आधीची आहे."

"मंग बुधवारची." त्याने तुकडा परत माझ्या हातात दिला. "पाठ घासून राह्यली होती. बटन दाबलं तवाच आवाज आला. किणकिण."

"मग थांबवलं का नाहीस?"

"हात नेलाच होता बटनाकडं. तेवढ्यात गेला."

"आणि आधी? तुला शंका होती. कागद हातात होता तुझ्या."

"तुमी म्हनले, पाहाचं काई नाई."

"तू सांगायला हवं होतंस."

तो थोडा हसला. "काय सांगू सायेब? तुमी मोजलं होतं. माह्याजवळ विडीचा कागद."

मुलगी पुस्तकातली अक्षरे मोठ्याने जुळवत होती. भागिरथा दारातून म्हणाली, "साहेब, यायच्यावर तं नाई ना येनार काही? अकोल्याचं?"

"तू चहा टाक," देवमन तिला म्हणाला, आणि मग आवाज उतरवून मला, "असं करा ना सायेब. पट्टाच खराब होता म्हनून लिहा. कारखान्यातूनच आलता तसा. तुमालेही बरं, मलेही बरं. रामधनचा हात तं जुळलाच हाय."

त्याला एक गोष्ट ठाऊक नव्हती, मला होती. माल सदोष होता असे लिहिले की पट्ट्याचा तुकडा तपासणीला जातो. ती तपासणी सहा-आठ महिने चालते, आणि चौकशी चालू असेपर्यंत तिच्यात नाव असलेल्या कोणाचीही नेमणूक होत नाही. अकोल्याची जागा दुसऱ्याला गेली असती. देवमन नोकरीवरून गेला नसता; रोजंदारीवर माझ्याच शेडमध्ये राहिला असता, निदान पुढची जागा निघेपर्यंत, आणि रोज चार वाजता चहाला बसला असता. माझ्या सेवापुस्तकावर डाग पडला नसता. त्यात कोणाला इजा नव्हती, आणि ते लिहायला त्याने स्वतः सांगितले होते.

मी म्हणालो, "बघतो."

परतीच्या गाडीत बसायला जागा मिळाली नाही. मी दांडीला धरून उभा राहिलो आणि तो मजकूर मनात पूर्ण लिहून काढला. चांगला झाला होता. त्यात एकही वाक्य असे नव्हते की कोणी खोटे म्हणून दाखवावे. वाशीम येईपर्यंत मी तो तीनदा वाचला. तिसऱ्या वेळी माझ्या लक्षात आले, की त्यात सर्वांत जास्त काळजीने लिहिलेला भाग चार वाजताच्या चहाचा होता, आणि तो अहवालात कुठेच दिसत नव्हता.

सोमवारी मी दुसरा अहवाल लिहिला. पट्टा पाठीकडून चिरत गेला. कारण, चाक प्रमाणाबाहेर कलते केले होते. ते बुधवारी मी केले. शनिवारी चालकाने तपासणीची परवानगी मागितली आणि मी ती नाकारली. चिरांचा काळ कसा ठरवला तेही लिहिले. कुंकवाला काय म्हणावे याचा विचार करून "लाल रंग" असे लिहिले, मग तो शब्द खोडून "कुंकू" लिहिले, कारण तेच होते. रामधनच्या भरपाईची शिफारस जोडली आणि अहवाल रजिस्टर पोस्टाने पाठवला. त्याच दिवशी सगळ्यांना शेडमध्ये बोलावून कारण सांगितले. तुकडा हातोहात फिरला.

हाताला पट्टी बांधलेला रामधन रेघा मोजत होता. "सात हायेत. म्हंजे देवमनचं काई नोतं यात?"

"नव्हतं. माझं होतं."

उकंडराव घसा साफ करून म्हणाले, "म्हंजे पूजा कामी आली म्हना की, सायेब."

"पूजा नाही, उकंडराव. कुंकू."

"आता कुकू पूजेबिगर आलं असतं का पट्ट्यावर?"

मी त्यावर विचार केला. त्यांचे विधान काटेकोरपणे बरोबर होते. "नाही," मी म्हणालो.

"मंग झालं तं," असे म्हणून त्यांनी विडी पेटवली आणि बंडलाचा कागद फाडून माझ्या टेबलावर ठेवला.

देवमनचा हुकूम नोव्हेंबरअखेर आला. त्याच पाकिटात माझ्यासाठी ताशेऱ्याचे पत्र होते, आणि बदलीचा अर्ज तीन वर्षांपर्यंत विचारात घेता येणार नाही असे कळवणारा एक छापील कागद. दोन्हींवर मी पोचेची सही केली.

शेवटच्या दिवशी देवमनने नेहमीसारखे काम केले. समारंभ काही झाला नाही. उकंडरावांनी रेवड्या आणल्या होत्या आणि रामधनने त्या उजव्या हाताने वाटल्या. सगळे गेल्यावर देवमनने झाकण उघडून मला जवळ बोलावले. चाक कलते करण्याच्या स्क्रूवर आणि त्याच्या शेजारी सांगाड्यावर त्याने छिन्नीने एकेक बारीक खूण केली होती.

"या दोन्ही समोरासमोर आल्या का समजा बराबर. तरी कागद घालाच."

"घालीन."

"आन् संध्याकाळी सोडत जा. अडीच फेरे." तो फडक्याने हात पुसत होता, पुसून झाल्यावरही पुसत राहिला. "तुमी लिहिलं थे साहेबानं वाचून दाखवलं मले अकोल्याले. पट्टा खराब होता म्हनून लिहिलं असतं तं मी इथंच राह्यलो असतो, असं म्हनत होते थे. वर्षभर तरी."

"हो."

"तुमाले माहीत होतं? माह्या घरी आलते तवा?"

"हो."

त्याने खिशातून एक घडी केलेला कागद काढला. विडीच्या बंडलाचा; शनिवारचा असावा, घड्यांवर काळा पडला होता. तो त्याने करवतीच्या पाटावर ठेवला, त्यावर वाऱ्याने उडू नये म्हणून एक नट ठेवला, आणि पिशवी घेऊन निघाला. फाटकापाशी वळून म्हणाला, "येतो सायेब." तो स्टँडच्या रस्त्याला लागेपर्यंत मी शेडच्या दारात होतो.

नव्या चालकाची नेमणूक उन्हाळ्यापर्यंत झाली नाही. करवत मी चालवली. जानेवारीत एक नवा दोष निघाला: सकाळचे पहिले तीन-चार तुकडे एका बाजूला किंचित तिरपे येत आणि नंतर आपोआप सरळ होत. दोन दिवस मला कारण सापडले नाही. तिसऱ्या दिवशी, चहाच्या वेळी, ते सापडले. थंडीत तेल घट्ट होऊन पट्ट्याला दोन्ही अंगांनी धरणाऱ्या दोन रुळांपैकी एक अडकत होता, आणि यंत्र तापले की सुटत होता. मी खडू घेऊन जमिनीवर आकृती काढली. रूळ, पट्टा, दोन बाण. एका बाजूला तापमानाचा अंदाज. आकृती चांगली आली होती. एक जागा मात्र कच्ची होती. एकच रूळ का अडकावा, दुसरा का नाही, हे तिच्यात येत नव्हते, आणि कोणी विचारले असते तर मला सांगता आले नसते.

उकंडराव कप गोळा करत आले, आकृतीला वळसा घालून गेले.

पाच वाजता मी पायाने खडू पुसला, झाकण बंद केले आणि ताणाचे चाक अडीच फेरे उलटे फिरवले.